दुखण्याचें माप

मनुष्याला स्वतःच्या शरीराचा जो भाग जन्मभर सरळ पाहतां येत नाहीं, तो म्हणजे पाठ. चेहरा निदान एका आरशांत तरी दिसतो. पाठ दिसण्यास दोन आरसे आणि थोडी कसरत लागते, आणि एवढी उठाठेव करावी इतकी कोणाची पाठ देखणी असते असें आम्हांस वाटत नाहीं. त्यामुळेंच कीं काय, पाठीविषयींचे आपले वाक्प्रचार बहुधा दुसऱ्याच्या पाठीचे आहेत. थोपटावयाची ती दुसऱ्याची पाठ. पाठीवर मारावें पण पोटावर मारूं नये हा उपदेश करावयाचा तोहि दुसऱ्याच्या पाठीविषयीं. स्वतःची पाठ आठवते ती दुखूं लागल्यावर, आणि मग मात्र दुसरें कांहीं आठवत नाहीं.

आमच्या लहानपणीं कमरेंत उसण भरली म्हणजे पायाळू मनुष्याचा शोध सुरू होई. पायांकडून जन्मास आलेल्या त्या भाग्यवंतानें रोग्याच्या कमरेस पाय लावला कीं उसण उतरते, अशी सार्वत्रिक समजूत असे. आणि गंमत अशी कीं ती पुष्कळ वेळां उतरेहि. कां उतरे, त्याचा विचार पुढें येईल. आतां पायाळूंचें तें मानाचें स्थान गेलें. आतां लोकांच्या ‘मणक्यांत गॅप’ पडते. शब्द इंग्रजी खरा, परंतु त्याचा हा अर्थ कोणत्याहि इंग्रजास कळावयाचा नाहीं. कारण ज्याला आपण गॅप पडली म्हणतों तेथें दोन मणक्यांमधील अंतर बहुधा वाढलेलें नसून कमी झालेलें असतें. तरी शब्द रूढ झाला आहे आणि तो ऐकतांच घरांतील मंडळींचे चेहरे उतरतात, हें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे.

आम्ही गेलीं बारा वर्षें मावळांतील उर्से या गांवीं राहतों आणि रोज तळेगांवास कॉलेजांत इंग्रजी शिकवावयास जातों. पुणें-मुंबई द्रुतगति महामार्गानें धांवणाऱ्या लोकांस उर्से ठाऊक असतें तें टोलनाक्यापुरतें. नाक्याच्या आसपास कारखाने आणि गोदामें आहेत, आणि त्यांच्या भिंतींना लागून अजूनहि भाताचीं खाचरें आहेत. मावळांत भात पिकवावयाचा म्हणजे राब भाजण्यापासून झोडणीपर्यंत सारें काम कमरेचें. त्यांतहि लावणीचें काम कमरेची खरी परीक्षा पाहणारें. आषाढांत चिखलणी झाली कीं बाया ओळीनें कमरेंत वांकून, मागें मागें सरकत, चिमटीनें रोपें लावीत जातात. सकाळीं वांकलेली कंबर दुपारीं भाकरीपुरती सरळ होते आणि पुन्हां दिवेलागणीपर्यंत वांकते. पूर्वीं पाठीवर इरलें असे, आतां प्लास्टिकचा कागद असतो. पाठीचा कोन मात्र तोच राहिला आहे. पोटरीपर्यंत चिखल, वरून पाऊस, आणि मध्यें ही काटकोनांतली पाठ, असें दृश्य महामार्गावरून फार सुंदर दिसतें. मोटारी थांबवून त्याचीं छायाचित्रें घेणारे रसिकहि आम्हीं पाहिले आहेत.

आमच्या शेजारच्या वहिनी या ओळींत पहिल्या असत. वय पन्नाशीच्या आंतबाहेर. गेल्या आषाढांत लावणी आटोपल्यावर तिसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांना अंथरुणावरून उठवेना. उजव्या कुल्ल्यापासून निघालेली सणक मांडीच्या मागून आणि पोटरीच्या बाहेरच्या अंगानें थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जात होती. आयुर्वेदांत या रोगास गृध्रसी असें नांव आहे; रोग्याची चाल गिधाडासारखी होते म्हणून तें पडलें असें सांगतात, आणि वहिनींना अंगणांतून भिंतीला धरून चालतांना पाहिल्यावर तें नांव ठेवणाऱ्याची नजर किती तीक्ष्ण होती तें आम्हांस पटलें. चार आठवडे लेप, शेक आणि गोळ्या यांत गेले. मग मुलानें त्यांना शहरांतील एका मोठ्या खासगी रुग्णालयांत नेलें. तेथें एम्. आर्. आय्. झाला, चवथ्या आणि पांचव्या मणक्यांमधील चकती सरकली आहे, आठवड्याच्या आंत शस्त्रक्रिया करून घ्यावी, असें सांगण्यांत आलें. खर्च दीड लाखाच्या घरांत. तें रुग्णालय सरकारी योजनेंत नव्हतें. तेव्हां रस्त्याकडेची दोन गुंठे जमीन काढावी असें घरांत ठरलें. आमच्याकडे जमिनीला गिऱ्हाईक शोधावें लागत नाहीं. तें दारांतच उभें असतें.

त्या संध्याकाळीं वहिनींचे यजमान आणि मुलगा तो भला मोठा पांढरा लखोटा घेऊन आमच्या ओट्यावर आले. यजमान म्हणाले, “सर, तुमी इंग्रजी शिकवतां. ह्यांत काय लिवलंय तें नीट सांगा. मंग उद्यां इसार घेतों.”

आम्ही वैद्य नव्हे, हें त्यांना ठाऊक होतें आणि आम्हांलाहि. परंतु गांवांत इंग्रजी शिकविणाऱ्या मनुष्याला सातबाऱ्यापासून रक्ततपासणीपर्यंत सारे कागद वाचावे लागतात. अहवालांत ‘डिजनरेशन’ हा शब्द तीनदां आला होता. इंग्रजी वाङ्मयांत आमची या शब्दाशीं ओळख साम्राज्यांच्या आणि घराण्यांच्या अधःपाताच्या संदर्भांत झालेली. तो एका कष्टाळू बाईच्या कमरेस लावलेला पाहून आम्हांस कसेंसेंच झालें. आम्हीं दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि कॉलेजच्या ग्रंथालयांत बसून, वैद्यकांतील एका माजी विद्यार्थ्याच्या साह्यानें, जें मिळेल तें वाचून काढलें. त्यांतून जें हातीं आलें तें येथें मांडीत आहों.

पहिली गोष्ट छायाचित्राची. १९९४ सालीं अमेरिकेंतील कांहीं संशोधकांनीं ज्यांची पाठ मुळींच दुखत नव्हती अशा ९८ माणसांचीं कमरेचीं एम्. आर्. आय्. छायाचित्रें काढलीं, आणि तीं वाचणाऱ्या तज्ज्ञांना कोणाचें छायाचित्र कोणाचें हें कळूं दिलें नाहीं. साऱ्या चकत्या ठाकठीक निघाल्या त्या अवघ्या ३६ टक्के लोकांच्या. ५२ टक्के लोकांची निदान एक चकती फुगलेली होती, आणि हीं सारीं माणसें आनंदानें हिंडत-फिरत होतीं! म्हणजे केंस पिकावे तशा चकत्या वाळतात. पिकलेल्या केसांचें छायाचित्र दाखवून डोकेदुखीचें कारण सिद्ध करतां येत नाहीं, तसेंच हें. वहिनींच्या बाबतींत चकती आणि सणक यांचा संबंध जुळत होता हें खरें. कारण सणक ज्या वाटेनें जात होती ती त्याच शिरेची वाट. परंतु तो संबंध छायाचित्रानें एकट्यानें सिद्ध केला नव्हता. तो वहिनींनीं बोटानें दाखविलेल्या रेषेनें सिद्ध झाला होता.

चकतीमुळें शीर दबते आणि पाय दुखतो, हें ज्ञान फार जुनें नाहीं. मणक्यांच्या पोकळींत सांपडणाऱ्या त्या कूर्चेच्या तुकड्याला शल्यवैद्य पूर्वीं एक प्रकारची गांठ समजत. १९३४ सालीं बोस्टन येथील मिक्स्टर आणि बार या दोघांनीं, ती गांठ नसून फुटून बाहेर आलेली चकतीच आहे आणि ती काढल्यास पायाचें दुखणें थांबतें, हें दाखविलें. तेव्हांपासून या शस्त्रक्रियेची भरभराट झाली. प्रश्न उरला तो इतकाच: शस्त्रक्रिया केली नसती तर काय झालें असतें? हा प्रश्न दिसावयास सोपा आहे, पण तो विचारण्याची रीत वैद्यकास शेतानें शिकविली.

आमच्या जवळच वडगांवला भात संशोधन केंद्र आहे. मावळच्या घरोघरीं शिजणारा इंद्रायणी तांदूळ तेथलाच. नवें वाण जुन्याहून सरस कीं नाहीं हें ठरवावयाचें तर दोन्ही वाणें शेजारशेजारच्या वाफ्यांत लावावीं लागतात. आणि चांगली जमीन आपल्या आवडत्या वाणाला द्यावी हा मोह टाळण्यासाठीं कोणता वाफा कोणाला हें चिठ्ठ्या टाकून ठरवावें लागतें. ही चिठ्ठ्यांची युक्ति रोनाल्ड फिशर यांनीं इंग्लंडांतील रॉथमस्टेडच्या शेतकी केंद्रांत, १९२० नंतरच्या दशकांत, शास्त्राच्या पायावर उभी केली. पुढें १९४८ सालीं क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची इंग्लंडांत जी परीक्षा प्रसिद्ध झाली तींत वाफ्यांच्या जागीं रोगी आले. मणक्याच्या क्षयाविषयींहि पुढें अशाच परीक्षा झाल्या. कोरियांत मासान आणि पुसान या गांवीं केलेल्या परीक्षांत असें आढळलें कीं, योग्य औषधें चालू असतां सहा महिने अंथरुणावर निजवून ठेवल्यानें किंवा नऊ महिने प्लास्टरच्या चिलखतांत कोंडल्यानें अधिक लाभ कांहीं होत नाहीं. ज्यांनीं असें चिलखत घातलेलीं मुलें पूर्वीं पाहिलीं असतील, त्यांना या एका वाक्यानें किती पाठी मोकळ्या केल्या याची कल्पना येईल.

सरकलेल्या चकतीची अशी परीक्षा मात्र फार उशिरां झाली, आणि ती करतांना शेतांत कधीं न येणारी अडचण आली. खाचरांतील रोप एका वाफ्यांतून उठून दुसऱ्या वाफ्यांत जाऊन बसत नाहीं. माणूस जाऊन बसतो. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील एका मोठ्या परीक्षेंत ५०१ रोगी होते. ज्यांची चिठ्ठी शस्त्रक्रियेची निघाली त्यांपैकीं पहिल्या तीन महिन्यांत निम्म्यांनींच ती करून घेतली. आणि ज्यांची चिठ्ठी थांबण्याची निघाली त्यांपैकीं ३० टक्के लोकांनीं तेवढ्याच अवधींत न थांबतां ती करून घेतली. ज्याला सोसवेना तो उठला आणि ज्याला बरें वाटूं लागलें त्यानें पाय मागें घेतला. दोन वर्षांत दोन्ही वाफे पुष्कळ सुधारले. फरक थोडा आणि वादग्रस्त. संशोधकांना यानें अडचण झाली असेल. आम्हांस मात्र या अवज्ञेचें कौतुक वाटतें. दुखणें ज्याचें आहे त्यानें चिठ्ठीचा मान राखावा कां?

हॉलंडांतील परीक्षा अधिक बोलकी निघाली. ती २००७ सालीं प्रसिद्ध झाली. सहा ते बारा आठवडे पायाचें तीव्र दुखणें सोसलेले २८३ रोगी. निम्म्यांना लवकर शस्त्रक्रिया, निम्म्यांना आधीं धीर आणि गोळ्या, व गरज पडलीच तर शस्त्रक्रिया. थांबलेल्यांपैकीं ३९ टक्के लोकांना वर्षाच्या आंत ती करावी लागली. म्हणजे बाकीच्यांना लागली नाहीं. आणि वर्षअखेर दोन्ही गटांची स्थिति सारखीच! भेद होता तो वेळेचा. शस्त्रक्रियेच्या गटांत बरें वाटावयास साधारण चार आठवडे लागले. थांबलेल्यांच्या गटांत बारा.

आमच्या मतें सारें मर्म या आठ आठवड्यांत आहे. शल्यवैद्य खोटें सांगतो असें नाहीं. तो आठ आठवडे विकतो, आणि माल खरा असतो. प्रश्न त्यांच्या किमतीचा आहे. हॉलंडांतील कारकुनाचे आठ आठवडे आणि उर्शांतील वहिनींचे आठ आठवडे यांना एक भाव नाहीं. इतकेंच काय, वहिनींच्याच आषाढांतल्या आणि श्रावणांतल्या आठ आठवड्यांना एक भाव नाहीं. हें दुखणें लावणीच्या तोंडावर आलें असतें तर दोन गुंठे विकणें कदाचित् शहाणपणाचें ठरलें असतें. परंतु तें आलें लावणी उरकल्यावर. श्रावण-भाद्रपदांत बेणणी असते, ती सुना करतील. कापणी दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास. मावळच्या भातानेंच त्यांना मधले आठ-दहा आठवडे उसने दिले होते. ही गोष्ट कोणत्याहि अहवालांत लिहिलेली नव्हती, आणि रुग्णालयांत कोणी विचारलीहि नव्हती.

येथें एक इशारा द्यावयास हवा. पाठीची शस्त्रक्रिया म्हणजे थोतांड असा ग्रह कोणी करून घेऊं नये. ज्या ठिकाणीं मज्जारज्जूच दबतो किंवा मणका जागचा ढळतो तेथें थांबणें हा गुन्हा होय. या क्षेत्रांतील एक मोठें कार्य आपल्या परळच्या के. ई. एम्. रुग्णालयांत झालें आहे, हें फार थोड्या मराठी वाचकांना माहीत असेल. मानेचे पहिले दोन मणके, ज्यांवर आपलें मस्तक फिरतें, ते एकमेकांवरून सरकले म्हणजे मज्जारज्जू चेंगरून हातापायांतील शक्ति जाते. या दोन मणक्यांना त्यांच्या बाजूच्या भरीव भागांत स्क्रू बसवून आणि पट्टीनें सांधून स्थिर करण्याची रीत के. ई. एम्. मधील डॉ. अतुल गोयल आणि त्यांचे सहकारी डॉ. लाहेरी यांनीं १९९४ सालीं प्रसिद्ध केली. मेंदूला रक्त नेणारी रोहिणी तेथून अगदीं लगत जाते. केंसाएवढी चूकहि भोंवावी अशी ती जागा. २००१ सालीं जर्मनींतील हार्म्स यांनीं पट्टीच्या जागीं सळई घालून तीच वाट रुंद केली, आणि आज जगभर ती पद्धति गोयल-हार्म्स या जोडनांवानें ओळखिली जाते. सार्वजनिक रुग्णालयांतील खाटेवर सिद्ध झालेली रीत जगाच्या पाठ्यपुस्तकांत जावी, ही आपल्या अभिमानाचीच गोष्ट आहे.

परंतु त्या कार्यांत आणि वहिनींच्या प्रश्नांत एक मूलभूत भेद आहे. ज्याचे पाय लुळे पडले होते तो चालूं लागला, तर परीक्षा संपली. त्याला कांहीं विचारावें लागत नाहीं, बघणाऱ्याला दिसतें. भाताचें उत्पन्न क्विंटलांत मोजतां येतें. पण निव्वळ दुखण्यासाठीं केलेल्या शस्त्रक्रियेचा गुण कोठें मोजावयाचा? तेथें तराजू एकच, आणि तो म्हणजे रोग्याचा शब्द. कोट्यवधि रुपयांचीं यंत्रें, चिठ्ठ्या, आंकडेशास्त्र, या साऱ्याच्या शेवटीं कोणी तरी एका माणसास विचारतो, “आतां किती दुखतें?” आणि त्याच्या उत्तरावर सारी इमारत उभी राहते. भाषेच्या शिक्षकाला या विषयांत तोंड घालण्याचा अधिकार मिळतो तो येथें.

हा शब्द किती नाजुक आहे हें २००९ सालच्या दोन परीक्षांनीं दाखविलें. वृद्धांचे ठिसूळ झालेले मणके दबून मोडतात, त्यांत सुईनें सिमेंटसारखें द्रव्य भरण्याची रीत तेव्हां जोरांत होती, आणि रोग्यांना लगेच आराम वाटे. एक परीक्षा ऑस्ट्रेलियांत झाली, दुसरींत अमेरिकेचा पुढाकार होता. दोन्हींत निम्म्या रोग्यांवर लटकी क्रिया केली: सुई टोंचली, पाठीवर दाब दिला, इतकेंच नव्हे तर त्या द्रव्याचा उग्र वास खोलींत दरवळावा म्हणून त्याची कुपीहि उघडली, फक्त तें मणक्यांत घातलें नाहीं. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला! या विषयावर पुढेंहि परीक्षा झाल्या आणि वाद मिटलेला नाहीं. पण आमच्या पायाळूचें कोडें आम्हांस तेथें उलगडलें. उसण बहुधा आपोआप उतरावयाचीच असते. तींत भरवशाच्या माणसाचा पाय लागला कीं दुखणें तितकें हलकें होतें. वास खरा, पाय खरा, आराम खरा. कारण तेवढें दुसरेंच. गोळ्यांचीहि कथा फारशी वेगळी नाहीं. नव्यानें दुखूं लागलेल्या कमरेवर पॅरासिटामॉल हें लटक्या गोळीहून सरस ठरत नाहीं असें दीड हजारांहून अधिक रोग्यांच्या परीक्षेंत २०१४ सालीं आढळलें; आणि २०२३ सालीं अफूच्या वर्गांतील जालीम औषधाचीहि कंबर आणि मान यांच्या नव्या दुखण्यावर तीच गत झाली.

दुखणें मोजण्याच्या प्रश्नावली आहेत. मेल्झॅक या मानसशास्त्रज्ञानें १९७५ सालीं इंग्रजींतील दुखण्याचे ७८ शब्द निवडून त्यांचे २० गट पाडले. तें वाचतांना आम्हीं मनांत मराठीची मोजदाद सुरू केली: कळ, ठणका, सणक, चमक, उसण, रग, ओढ, पेटका, गोळा, ठुसठुस, भगभग, झिणझिण्या, मुंग्या. आपली भाषा या बाबतींत दरिद्री नाहीं. रग ही श्रमाची, ठणका हा पिकलेल्या गळवाचा, कळ ही लाटेसारखी येणारी आणि ओसरणारी, सणक ही शिरेच्या वाटेनें धांवणारी. जाणत्या वैद्याला यांतला एकेक शब्द निम्मे निदान देतो. वहिनींच्या शहरांतील कागदावर मात्र या साऱ्याचें एकच भाषांतर होतें: ‘पेन’.

कमरेसाठीं विशेष प्रसिद्ध आहे ती ऑस्वेस्ट्रीची प्रश्नावली. ती १९८० सालीं निघाली. दहा कलमें, प्रत्येकास सहा पर्याय. बेरीज करून टक्केवारी काढावयाची. २०१३ सालीं तिच्या मराठी अवताराचीहि शास्त्रोक्त पारख प्रसिद्ध झाली, ही समाधानाची गोष्ट. पण मूळ कलमें वाचतांना इंग्लंडांतील बैठकीची खोली डोळ्यांपुढें येते. खुर्चीवर किती वेळ बसवतें, किती मैल चालवतें, प्रवास कितपत झेपतो, असे प्रश्न. ओझें उचलण्याचें कलम आहे, निजण्याचें आहे, उभें राहण्याचें आहे. वांकण्याचें स्वतंत्र कलम त्या दहांत नाहीं. ज्या बाईचा जन्म वांकण्यांत गेला तिच्या पाठीची टक्केवारी वांकण्याविषयीं न विचारतां निघते!

दोन दिवसांनीं वहिनींना घेऊन आम्ही तळेगांवांतील आमच्या परिचयाच्या एका वयस्क अस्थिवैद्यांकडे गेलों. त्यांनीं छायाचित्र बाजूस ठेवून आधीं पाय उचलून पाहिला, अंगठा वर करावयास लावला, टांचांवर आणि चवड्यांवर चालावयास सांगितलें. मग त्यांनींहि तो नेहमींचा प्रश्न केला: शून्य म्हणजे कांहीं नाहीं, दहा म्हणजे याहून अधिक दुखणें असूंच शकत नाहीं, तर तुमचें किती?

वहिनी विचारांत पडल्या. “बाळंतपणाला किती धरायचं?” त्यांनीं विचारलें.

डॉक्टर म्हणाले, “तें तुम्हीच सांगा.”

“पैल्याच्या वक्ताला दहा व्हतं. मंग हें सात. पर तें संपणार हें ठावं व्हतं. हें कधीं संपल तें कुनीच सांगत न्हाई. आठ लिवा.”

डॉक्टरांनीं आठ लिहिले. तो एक जादा गुण, म्हणजे दुखण्याचा नव्हे तर अनिश्चिततेचा, कोणत्याहि छायाचित्रांत दिसणारा नव्हता, आणि त्यावर इलाज होता तो फक्त बोलण्याचा. तो त्यांनीं केला. पाऊल ओढूं लागलें, लघवी अडली किंवा नकळत झाली, बैठकीची जागा बधिर झाली, तर मध्यरात्र असली तरी यावयाचें, तेथें आठवड्याची नव्हे तर तासांची गोष्ट असते. तसें कांहीं न झाल्यास थांबतां येईल. थांबलेल्यांपैकीं अधिक लोक शस्त्रक्रियेवांचून बरे होतात, कांहींना ती लागते, आणि ती थोडी उशिरां केल्यानें बहुधा नुकसान होत नाहीं. अंथरुण धरूं नये, सोसवेल तितकें चालावें. दोन्ही वाटा सांगून त्यांनीं विचारलें, “मग काय करावयाचें?” प्रश्न त्यांनीं यजमानांना केला नाहीं, मुलाला केला नाहीं आणि आम्हांलाहि केला नाहीं, त्यांनीं वहिनींकडे पाहिलें. वहिनींनीं बोटांवर महिने मोजले. “कापणीला अजून दोन-अडीच म्हैने हाईत,” त्या म्हणाल्या, “तंवर बघूं.”

इसार घेतला गेला नाहीं. मुलानें डॉक्टरांचा नंबर आणि तीं तीन-चार लक्षणें भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेविलीं. तीन आठवडे फार वाईट गेले. एकदां रात्रीं अकराला यजमानांनीं आमचें दार ठोठावलें, आणि पाऊल खरोखरच ओढतें कीं केवळ झोंप लागलेलें आहे हें ठरविण्यांत आमचा अर्धा तास गेला. तें झोंप लागलेलें निघालें. गौरींच्या सुमारास सणक पोटरीच्या वर सरकली. दसऱ्याला वहिनी आपटा घेऊन आमच्याकडे चालत आल्या, आणि ओट्यावर टेकतांना “आतां तीन,” असें आपण होऊन म्हणाल्या.

कापणीला त्या शेतांत गेल्या. कापावयाला बसल्या, पण भारे डोक्यावर घेतले ते सुनांनीं. उजव्या अंगठ्याची बधिरता अजून गेलेली नाहीं. डॉक्टर म्हणतात ती कदाचित् राहील. येत्या आषाढांत लावणीला वांकावयाचें कीं नाहीं यावरून सासू-सुनांत सध्यां रोज वाद चालतो, आणि तो भिंतीपलीकडून आम्हांस ऐकूं येतो. यजमानांचा कल लावणीचें यंत्र भाड्यानें आणण्याकडे आहे. पण आमचीं खाचरें अरुंद आणि उतरत्या बांधांचीं. त्यांत यंत्र वळेल कीं नाहीं तें पाहण्यासाठीं ते काल दोरीनें बांधांची रुंदी मोजीत होते.